एका हाताने खेळायचं असेल तर तीनपैकी कोणता कन्सोल?

धाकटा_भिडू

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट उत्तर देता येणार नाही.

मोठा भाऊ आणि मी लहानपणापासून एकत्र खेळत आलोय. तो कायम पहिला प्लेअर, मी दुसरा. दोन वर्षांपूर्वी एका अपघातात त्याच्या उजव्या खांद्याच्या नसांना मार बसला. हात हलतो, कोपर वाकतं, पण पकड राहिलेली नाही. उजवा अंगठा दहा-पंधरा मिनिटं साथ देतो, मग थरथरायला लागतो. तर्जनीने ट्रिगर ओढणं तर जवळजवळ अशक्यच. डावा हात ठणठणीत आहे. अपघातानंतर त्याने पॅडला हात लावला नव्हता. गेल्या महिन्यात मात्र स्वतःहून म्हणाला, "काहीतरी घे, बघू जमतंय का."

सोनीचा पीएस५, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एस, आणि निन्टेंडोचा स्विच २ यांच्यात अडकलोय. जिथे तुलना वाचावी तिथे टेराफ्लॉप (चिप सेकंदाला किती गणितं करते त्याचं माप), एसएसडीचा (गेम साठवायच्या जागेचा) वेग आणि फोर-के (जास्त बारकाव्याचं चित्र). सिरीज एक्सचे १२ टेराफ्लॉप, पीएस५चे १०.२८, म्हणून एक्सबॉक्स सरस, असं एक जण लिहितो आणि दुसरा लगेच ते खोडून काढतो. या आकड्यांचा आमच्या प्रश्नाशी काही संबंध आहे का, तेच कळत नाही.

दादाला फायटिंग गेम आणि गोष्ट असलेले गेम आवडतात. आम्हाला एका सोफ्यावर बसून खेळायचंय. आणि खांदा दुखायला लागला की त्याला रात्री झोप लागत नाही, तेव्हा तो एकटाच अर्धा-पाऊण तास खेळेल. कन्सोल एकच घेता येईल.

हिशेबी

हाताबद्दल मला काही सांगता येणार नाही, ते ज्यांना कळतं त्यांनी सांगावं. आकड्यांचा गुंता मात्र सोडवतो.

सिरीज एक्सच्या ग्राफिक्स चिपमध्ये ५२ कम्प्यूट युनिट १.८२५ गिगाहर्ट्झवर चालतात. पीएस५मध्ये ती ३६च आहेत, पण २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत धावतात. एकाकडे मजूर जास्त, दुसऱ्याकडे मजूर कमी पण त्यांचे हात भरभर चालणारे. दोघांची मेमरी १६ जीबी, दोघांचा प्रोसेसर एएमडीचा आठ कोअरचा, एकाच पिढीतला. कागदावर एक्सबॉक्स पुढे आहे, पण तोच गेम दोन्हीकडे शेजारी शेजारी लावला तर फरक शोधावा लागतो, आणि सापडला तर कधी याच्या बाजूने असतो, कधी त्याच्या. एसएसडीत पीएस५ पुढे आहे, सेकंदाला ५.५ जीबी विरुद्ध २.४. ते गेम लोड होताना जाणवतं, खेळताना फारसं नाही. हे दोन्ही नोव्हेंबर २०२०चे. नंतर २०२४मध्ये पीएस५ प्रो आला, तो या दोघांपेक्षा ताकदवान आहे, पण तुमच्या कामासाठी त्याची गरज दिसत नाही.

सिरीज एसबद्दल मात्र जपून. चार टेराफ्लॉप, १० जीबी मेमरी, डिस्क टाकायला जागाच नाही. एकट्याने खेळायला चांगला आहे. पण तुम्हाला एका सोफ्यावर बसून खेळायचंय, आणि पडदा दोघांत विभागला की यंत्राला एकाच वेळी दोन दृश्यं रंगवावी लागतात. 'बाल्डर्स गेट ३' पीएस५वर सप्टेंबर २०२३मध्ये आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये, कारण सिरीज एसवर विभागलेला पडदा जमेना. शेवटी त्यावर ती सोय वगळूनच गेम आणला. ती सोय तिथे पोचायला २०२५ उजाडलं. दोघांनी खेळायचं असेल तर मी एस यादीतून काढेन.

स्विच २ जून २०२५चा. १२ जीबी मेमरी, ७.९ इंची पडदा, टीव्हीला जोडला तर फोर-केपर्यंत चित्र. एन्व्हिडियाचं डीएलएसएस कमी पिक्सेलमधून मोठं चित्र उभं करतं, त्यामुळे चिपच्या मानाने चित्र चांगलं दिसतं. निव्वळ ताकदीत तो बाकी दोघांच्या मागे आहे. पण हातात धरून खेळता येतो, हे बाकी दोघांना जमत नाही.

डावाहात

धाकटे, तुमच्या प्रश्नाला दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा पुसलं. हा माझाच प्रश्न आहे. जन्माच्या वेळी माझ्या उजव्या खांद्याच्या नसांना इजा झाली. उजवा अंगठा थोडा वेळ चालतो, तर्जनी ट्रिगर ओढत नाही, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. फरक एवढाच की मला तो हात कधी पूर्ण मिळालाच नव्हता, त्यामुळे विसरायचं काही नव्हतं. तुमच्या दादांचा अंगठा मात्र अजून जुन्या जागी बटण शोधणार. पहिले काही दिवस त्यांना याचाच जास्त त्रास होईल, हे आधी लक्षात घ्या. गेम निवडतानाही ते उपयोगी पडेल: पूर्वी ज्यात ते तरबेज होते तो गेम पहिल्या दिवशी लावू नका.

तिन्ही कंपन्यांच्या यंत्रांवर मी बरीच वर्षं खेळले आहे. टेराफ्लॉपचा मला कधी उपयोग झाला नाही. मी पॅड उलटसुलट करून बघते आणि मोजते. कुठल्याही पॅडवर अंगठ्याने फिरवायच्या दोन स्टिक, एक डी-पॅड (चार दिशांचं बटण), चार मुख्य बटणं, वरच्या कडेला दोन-दोन, आणि स्टिक आत दाबल्या की आणखी दोन. यातलं उजव्या हाताच्या वाट्याला काय येतं ते पाहा: कॅमेरा फिरवणं, उडी, ठोसा, नेम धरल्यावर गोळी, गाडीचा वेग. डावा हात चालवतो, उजवा सगळं करतो. त्यामुळे खरा प्रश्न असा की उजवीकडचं काम कुठला कन्सोल दुसरीकडे हलवू देतो, आणि किती.

एक्सबॉक्सपासून सुरू करते, कारण या बाबतीत त्यांनी सगळ्यात आधी विचार केला. एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर सप्टेंबर २०१८मध्ये आला. चपटी पाटी, तळहाताएवढी दोन मोठी बटणं, एक डी-पॅड, आणि मागच्या कडेला ३.५ मिलिमीटरची १९ छिद्रं. प्रत्येक छिद्र म्हणजे पॅडवरचं एक बटण. बाहेरून कुठलंही बटण, पेडल किंवा पट्टी तिथे जोडली की ती ते बटण होते. त्याचा खोकाही असा बनवलाय की दोरीचा फासा ओढला की उघडतो, दातांनी काही फाडावं लागत नाही. ज्यांना एकाच हाताने खोके उघडावे लागतात त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

ती पाटी मी जमिनीवर ठेवते. एक मोठं बटण उजव्या ट्रिगरला लावलंय, ते डाव्या पायाच्या अंगठ्याने दाबते. दुसरं आहे उडीचं, ते टाचेने. मांडीवर साधा पॅड. ही दोन यंत्रं मिळून एकच पॅड आहे असं कन्सोलला सांगणारी सोय एक्सबॉक्समध्ये २०१७पासून आहे. तिला कोपायलट म्हणायचे, आता सेटिंग्जमध्ये कंट्रोलर असिस्ट असं नाव दिसेल. पायाला वळण लागायला मला साधारण तीन आठवडे लागले. आधी प्रत्येक उडी उशिरा पडायची, मग एक दिवस लक्षातच आलं नाही की पाय दाबतोय.

याची एक मर्यादा कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. मोठं बटण हे बटण आहे, ट्रिगर नाही. दाबलं की पूर्ण दाबलं, सोडलं की पूर्ण सोडलं. गोळी झाडायला उत्तम. रेसिंगमध्ये मात्र अर्धा वेग देता येत नाही, वळणावर गाडी एक तर सुसाट नाही तर बंद. रेसिंग आवडत असेल तर त्या छिद्रात हळूहळू दाबता येणारं पेडल लावावं लागतं.

आता पीएस५. त्याचा ड्युअलसेन्स पॅड हातात घेतला की लोक हरखून जातात: धनुष्य ताणलं की ट्रिगर घट्ट होतो, वाळूवर चाललं की तळहातात वाळू जाणवते. निरोगी हाताला ती मौज आहे. कमजोर बोटाला तो घट्टपणा म्हणजे भिंत. पण ती भिंत काढता येते. सेटिंग्जमध्ये कंट्रोलरच्या पानावर ट्रिगर इफेक्ट पूर्ण बंद करा किंवा कमी करा. सगळ्या गेमना ते एकदम लागू होतं. हे पहिल्याच दिवशी करा, दादांच्या हातात पॅड देण्याआधी. आणि चार्जिंगसाठी केबलच्या ऐवजी स्टँड बघा. एका हाताने पॅड धरून त्याच हाताने केबल खुपसणं किती वैतागाचं आहे ते मला विचारा. स्टँडवर नुसता ठेवला की काम झालं. एक्सबॉक्सच्या पॅडला साधे डबल-ए सेल लागतात. लोक त्याला मागासलेलं म्हणतात, पण सेल संपले तर बदलले की लगेच पुढे खेळता येतं.

पीएस५चा स्वतःचा अ‍ॅक्सेस कंट्रोलर डिसेंबर २०२३मध्ये आला. गोल थाळी, भोवती आठ बटणं, मध्ये एक मोठं, आणि बाजूला आलेली एक स्टिक. थाळी टेबलावर सपाट पडते, हवी तशी फिरवून ठेवता येते. बटणांच्या टोप्या बदलता येतात. रुंद टोपी दोन बटणांच्या जागेवर एकच बसते, मग बोट नसलं तरी मुठीने दाबता येतं. स्टिकची लांबी कमी-जास्त होते आणि तिला साधं, घुमटासारखं किंवा चेंडूसारखं टोक लावता येतं. बाहेरची बटणं जोडायला छिद्रं मात्र चारच आहेत, १९ नाहीत. दोन अ‍ॅक्सेस आणि एक ड्युअलसेन्स मिळून एक पॅड बनवता येतो.

स्विच २ची खुबी वेगळीच. त्याचे दोन्ही जॉय-कॉन, म्हणजे पडद्याच्या दोन बाजूंचे छोटे पॅड, सुटे होतात. साध्या पॅडवर दोन्ही हात पोटासमोर एकत्र आणावे लागतात, आणि खांदा दुखत असेल तर त्या बसण्यानेच दुखणं वाढतं. जॉय-कॉन सुटे केले की एक हात उशीवर, दुसरा अंगाशेजारी, जसा पडेल तसा. पडदा मागच्या स्टँडवर उभा करायचा. हातात धरून खेळण्याचा विचार मात्र सोडा: जॉय-कॉनसकट तो सुमारे ५३४ ग्रॅम भरतो, अर्ध्या तासात चांगला खांदाही बोलायला लागतो. बटणांची अदलाबदल सिस्टिमच्या पातळीवर होते. काही गेममध्ये नेम धरायला स्टिकऐवजी मनगट हलवलं तरी चालतं. 'मारियो कार्ट'मध्ये गाडी आपोआप पळवायची आणि रस्त्याबाहेर जाऊ न द्यायची अशा दोन सोयी आहेत. त्या चालू केल्या की एका स्टिकवर अख्खी शर्यत खेळता येते, आणि शेजारी बसलेल्याला ते कळतही नाही. पण दोन पॅड मिळून एक करायची सोय निन्टेंडोने सिस्टिममध्ये दिलेली नाही. तिथे तो बाकी दोघांच्या मागे आहे.

अजून एक, डाव्या स्टिकबद्दल. एका हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या स्टिकवर दुप्पट भार येतो. माझ्या एका पॅडची स्टिक वर्षभरात आपोआप सरकायला लागली, हात न लावता माणूस चालायचा. मूळ स्विचच्या जॉय-कॉनचा हा त्रास तर सर्वश्रुत आहे, आणि नव्या जॉय-कॉनमध्येही चुंबकीय सेन्सरच्या स्टिक नाहीत. कुठलाही घेतलात तरी जादा पॅड लागेल असं धरून चाला.

रात्रीच्या खेळासाठी: स्विच झोपेतून उठवला की तत्क्षणी तिथून पुढे. पीएस५ रेस्ट मोडमधून चालू असलेला एक गेम परत देतो. एक्सबॉक्सचं क्विक रिझ्युम एकापेक्षा जास्त गेम धरून ठेवतं, अगदी वीज बंद केली तरी. ज्याला दुखण्यामुळे खेळ मध्येच सोडावा लागतो त्याला हे किती मोलाचं आहे ते सांगायला नको.

माझं मत सिरीज एक्सच्या बाजूने आहे, आणि कारण कोपायलट. सुरुवातीला उजवी बाजू तुम्ही सांभाळा. ते डाव्या हाताने चालतील, तुम्ही नेम धरा, गोळी झाडा. मग आठवड्याला एकेक बटण त्यांना परत द्या, पायाखाली नाहीतर तळहाताखाली. महिन्या-दीड महिन्यात तुमच्या हातात काही उरणार नाही.

जुनी_कॅसेट

ताईंचं वाचून बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा कळल्या. दोन मुद्दे जोडतो.

घरात जुना पॅड पडून असेल तर बघा. एक्सबॉक्स वनचा जुना पॅड सिरीज एक्सच्या नव्या गेमना चालतो, म्हणजे कोपायलटसाठी दुसरा पॅड फुकट मिळाला. पीएस४चा पॅड पीएस५ला जोडता येतो, पण त्याने फक्त पीएस४चेच गेम खेळता येतात. जुन्या डिस्क असतील तरी एक्सबॉक्स उजवा: सिरीज एक्सवर पहिल्या एक्सबॉक्सपासूनचे निवडक गेम चालतात. पीएस५ डिस्कसकट घेतला तर पीएस४च्या जवळजवळ सगळ्या चालतात, त्याआधीच्या नाहीत. जागा संपली तर पीएस५मध्ये बाजारात मिळणारी वेगवान एम.२ एसएसडी बसते, एक्सबॉक्सला त्याचं खास कार्डच लागतं, स्विच २ला मायक्रोएसडी एक्सप्रेसच, जुनी मायक्रोएसडी चालणार नाही.

दुसरा मुद्दा ताईंशी थोडा मतभेदाचा. एका खेळाडूला दुसऱ्या पॅडने मदत करायची सोय सप्टेंबर २०२३पासून पीएस५मध्येही आली आहे. तेव्हा कोपायलट हे आता एकट्या एक्सबॉक्सचं शस्त्र राहिलं नाही. आणि गोष्टीवाल्या गेममध्ये सोनीच्या स्टुडिओंनी जे केलंय ते मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. 'द लास्ट ऑफ अस भाग २' जून २०२०चा. त्यात फक्त डाव्या हाताने किंवा फक्त उजव्या हाताने खेळायची तयार मांडणी आहे, आपोआप नेम आहे, वेळ हळू करता येते. एक्सबॉक्सचे मोठे गेम आता पीएस५वरही यायला लागलेत, 'फोर्झा होरायझन ५' एप्रिल २०२५मध्ये आला. उलट दिशेने, म्हणजे सोनीचे मोठे गोष्टीवाले गेम एक्सबॉक्सवर, तसं होताना दिसत नाही.

डावाहात

जुनी कॅसेट, बरोबर आहे तुमचं. पीएस५च्या मदतनीस पॅडचं मी लिहायला हवं होतं. माझी सवय कोपायलटची, म्हणून हात तिकडेच वळला.

धाकटा_भिडू

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर काल रात्री दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. पायाच्या अंगठ्याचं ऐकून त्याने स्वतःच्या पायाकडे बघितलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, "उजवी बाजू तू सांभाळणार, हे मला नको. अर्धा खेळ मला नको. हरेन, पण पूर्ण मी हरेन."

मला वाटलं होतं त्याला ही कल्पना सगळ्यात जास्त आवडेल. मला तर फार आवडली होती. आता काय करू? फायटिंगमध्ये त्याला 'स्ट्रीट फायटर ६' खेळायचाय, एवढं नक्की म्हणाला.

डावाहात

त्यांनी सांगितलं ते फार बरं झालं. माझी चूक मला कळली. मला लहानपणी भावाने उजवी बाजू सांभाळून शिकवलं, आणि मला ते आवडायचं, कारण मला आधीचं काही माहीत नव्हतं. ते पहिला प्लेअर होते. त्यांच्यासाठी ती मदत वेगळी लागते. माझा सल्ला मागे घेते.

आता एकट्याने, पूर्ण, फायटिंग आणि गोष्टी. मग मी पीएस५ आणि अ‍ॅक्सेस कंट्रोलर घेईन. कारण सांगते.

त्यांचा उजवा हात हलतो, कोपर वाकतं. गेलीय ती पकड आणि बोटांची ताकद. म्हणजे तळहात वरून खाली टाकता येतो. एक्सबॉक्सच्या पाटीवर मोठी बटणं दोनच, बाकीची सगळी बाहेरून जोडून टेबलभर मांडावी लागतात. मला ते पायासाठी सोयीचं आहे. अ‍ॅक्सेसवर सगळी बटणं एका थाळीत, तळहाताच्या टप्प्यात, आणि शेजारी स्टिक. डाव्या हातात ड्युअलसेन्स मांडीवर टेकवून, त्याची डावी बाजू जशीच्या तशी वापरायची. उजवीकडे टेबलावर अ‍ॅक्सेस. त्याच्या स्टिकला चेंडूचं टोक लावा आणि ती उजवी स्टिक म्हणून नेमा. चेंडूवर तळवा ठेवला की अंगठा लागत नाही, मनगटाने कॅमेरा फिरतो. टेबलाची उंची अशी ठेवा की खांदा वर उचलावा लागणार नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. टेबल दोन बोटं उंच झालं तर अर्ध्या तासात खांदा बंद.

'स्ट्रीट फायटर ६'मध्ये मॉडर्न नावाची मांडणी आहे. जुन्या पद्धतीत स्टिक पाव वर्तुळ फिरवून ठोसा दाबला की जो खास फटका निघायचा, तो इथे एक दिशा आणि एक बटण यावर निघतो. त्याच्या बदल्यात अशा फटक्याचा मार २० टक्के कमी बसतो, आणि हा सौदा मला न्याय्य वाटतो. आर२, म्हणजे उजवा ट्रिगर, धरून ठेवून मारायचं बटण दाबत राहिलं की फटक्यांची साखळी आपोआप जुळते. पण धरून ठेवणंच तर त्यांना जमत नाही. अ‍ॅक्सेसच्या सेटिंगमध्ये कुठल्याही बटणाला टॉगल लावता येतं: एकदा दाबलं की धरलेलं राहतं, पुन्हा दाबलं की सुटतं. आर२ मधल्या मोठ्या बटणावर ठेवा आणि त्याला टॉगल लावा.

दोघांनी खेळायचं तर या गेममध्ये तुम्ही तुमचा पॅड घेऊन समोर उभे राहा. त्यांना सोडू नका, मुद्दाम हरू नका. त्यांना लगेच कळेल. एकाच बाजूने खेळायचं असेल तेव्हा 'स्प्लिट फिक्शन' लावा. तो दोघांनीच खेळायचा गेम आहे, प्रत्येकाचा माणूस वेगळा, आणि शत्रूचा मार कमी करायची सोय आहे.

रात्री अंथरुणात पडून खेळायचं असतं तर मी अजूनही स्विच २च सांगितला असता. ते उठून खुर्चीत बसू शकतात का, हे त्यांनाच विचारा.

धाकटा_भिडू

पाच आठवड्यांनी येतोय, उशीर झाला.

पीएस५ आणि अ‍ॅक्सेस घेतलं. ट्रिगर इफेक्ट आधी बंद केला, मगच पॅड त्याच्या हातात दिला. पहिला आठवडा वाईट गेला. तुम्ही म्हणाला होता तसंच, अंगठा जुन्या जागी जायचा, आणि तो पॅड ठेवून उठून जायचा. टेबल खरंच उंच होतं. शेवटी टेबल काढून खुर्चीच्या हातावर एक फळी बांधली, खांदा सैल पडला आणि तिथून बदल दिसायला लागला.

रात्री तो उठून खुर्चीत बसतो. झोपलेल्यांची झोप मोडू नये म्हणून हेडफोन लावून 'द लास्ट ऑफ अस' खेळतो. मी मध्ये एकदा पाणी प्यायला उठलो तर मला बघून हात वर केला, डावा, गप्प बस अशी खूण करायला. कोणीतरी मागून येत होतं पडद्यावर.

'स्ट्रीट फायटर'मध्ये कालपर्यंत मी ४१ जिंकलो, त्याने ६. सहावा सामना शेवटच्या फेरीपर्यंत गेला होता, माझी थोडीच ताकद उरली होती, आणि त्याने तळहात मधल्या बटणावर इतक्या जोरात आपटला की फळी हलली.

आता अडलंय ते आर३. चेंडूचं टोक खाली दाबलं की आर३ होतं, आणि घाईत तळव्याचा भार पडून ते नको तेव्हा दाबलं जातं. ते बंद करता येतं का? आणि बंद केलं तर आर३ ठेवू कुठे?

डावाहात

सहा सामने! त्यांना माझ्यातर्फे सांगा, मला पहिल्या पाच आठवड्यांत एकही जिंकता आला नव्हता.

आर३साठी: प्रोफाइलमध्ये, म्हणजे बटणांच्या साठवलेल्या मांडणीत, स्टिक दाबण्याचं काम काढून टाका, तिथे काहीच नेमू नका. आर३ थाळीच्या त्या बटणावर ठेवा जे तळव्यापासून सगळ्यात लांब, करंगळीच्या बाजूला येतं, आणि त्यावर लहान टोपी बसवा. तिथपर्यंत हात मुद्दाम न्यावा लागतो, चुकून पोचत नाही. स्टिकची संवेदनशीलताही एक पायरी कमी करून बघा. तळव्याला अंगठ्यापेक्षा जास्त हालचाल लागते, आणि पहिल्या दिवशी नेमलेली संवेदनशीलता हात सैलावल्यावर बदलावी लागते. मूळ प्रोफाइल पुसू नका, नवीन वेगळं साठवा. गोष्टीवाल्या गेमसाठी एक, फायटिंगसाठी दुसरं. तीन प्रोफाइल थाळीतच राहतात आणि थाळीवरच्या बटणाने बदलतात, त्यामुळे रात्री त्यांना मेनूत शिरावं लागणार नाही.

फळी कशाने बांधली आहे? सुतळी असेल तर ती ढिली होते. मी रबरी चटईचा तुकडा खाली घालते, मग आपटलं तरी सरकत नाही.